सोल-फंक बँडचा पहिला अल्बम: तालमीच्या खोलीपासून रिलीजपर्यंत

सोल किंवा फंक, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकारांनी घडवलेलं, गळ्यावर आणि तालावर चालणारं म्युझिक, ह्याचा पहिला अल्बम करायला निघालेली मंडळी सगळ्यात आधी काय विचारतात, तर माईक कोणता घेऊ आणि तो जुना साउंड यायला प्लगिन (कॉम्प्युटरवर आवाज बदलणारं किंवा बनवणारं सॉफ्टवेअर) कोणता टाकू. माईकवर येऊच, पण पायरी ५ ला. ह्या म्युझिकचं बरंचसं काम माईक लावायच्या आधीच होतं, कोण कधी वाजवणार आणि मुख्य म्हणजे कोण कधी गप्प बसणार हे पक्कं ठरलं की अर्धा अल्बम झाला समजा. आणि जागाही भारी लागत नाही. अमेरिकेत मेम्फिसचा स्टॅक्स हा सोलचा गाजलेला स्टुडिओ म्हणजे एक जुनं सिनेमा थिएटर होतं, खुर्च्या काढल्या पण उतरती जमीन तशीच राहू दिली. डेट्रॉइटला मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीने १९५९ मध्ये एक राहतं घर घेतलं आणि त्यात स्टुडिओ थाटला, छतावरून केबली लोंबायच्या म्हणून वाजवणारे त्या खोलीला स्नेकपिट म्हणायचे. आणि हे फक्त त्या काळातलंच आहे असंही नाही, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बुशविक भागात गेब्रियल रॉथ आणि नील शुगरमन यांचं डॅपटोन हे लेबल एका जुन्या घरात ८ ट्रॅकच्या (आठच आवाज वेगवेगळे ठेवता येणाऱ्या) टेपवर रेकॉर्डिंग करायचं, इंग्लिश गायिका एमी वाइनहाउसच्या २००६ च्या 'बॅक टू ब्लॅक'मधल्या बऱ्याच गाण्यांवर जो बँड वाजतोय तो त्यांचाच, डॅप-किंग्ज. तेव्हा आपल्याकडे भारी स्टुडिओ नाही म्हणून अडून बसू नका.

पायरी १: माणसं

ड्रम्स, बेस, गिटार, की-बोर्ड आणि गायक किंवा गायिका एवढ्यावर सुरू होतं. न्यू ऑर्लिन्सचा द मीटर्स हा बँड सुरुवातीला चारच जणांचा, बहुतेक सगळं नुसतं वाजवलेलं, ब्रास (ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखी फुंकून वाजवायची वाद्यं) नाही, तरी १९६९ चं त्यांचं 'सिसी स्ट्रट' आजही फंक शिकणाऱ्याला पहिलं ऐकायला देतात. ब्रास हवाच असेल तर तिघे पुरे, ट्रम्पेट, टेनर सॅक्स आणि तिसरा बॅरिटोन सॅक्स किंवा ट्रॉम्बोन. मुंबई-पुण्यात ब्रासवाले मिळत नाहीत ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते, आर्मी-नेव्ही-पोलिस बँडातून रिटायर झालेले लोक, गोव्यात चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपी) शिकलेले लोक, लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवणारे, ह्यांना विचारायलाच कोणी जात नाही. हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा ज्या गोवेकर वादकांनी आणि अरेंजरांनी उभा केला ते ह्याच वाटेने आले होते. फक्त त्यांना आधी लिहिलेला कागद द्या, 'तू आपला फील घे' असं सांगून मोकळे होऊ नका.

ड्रमर निवडताना एकच बघा, तो दहा मिनिटं एकच पॅटर्न न कंटाळता वाजवू शकतो का. दर चौथ्या बारला (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) फिल, म्हणजे मधेच तालाची करामत, मारल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही तो दुसऱ्या कुठल्यातरी बँडसाठी उत्तम असेल.

पायरी २: पट्टी आधी ठरवा

गिटारिस्ट गाणं बनवतो तेव्हा हात आपोआप पांढरी तीनवर (E पट्टीवर) जातो, कारण गिटारवर ती सोपी. आता ब्रासचं गणित बघा. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स ही वाद्यं काळी पाचच्या (Bb) हिशोबाने बनलेली आहेत, त्यामुळे तुमच्या पांढरी तीनच्या गाण्याला त्यांच्या कागदावर ६ शार्प (अर्धा सूर चढवायच्या खुणा) येतात, आणि ऑल्टो किंवा बॅरिटोन सॅक्सवाल्याला तर ७. तो वाजवेल, नाही असं नाही, पण बोटं अडखळत वाजवेल आणि फंकमध्ये बोटं अडखळली की संपलं. तेच गाणं अर्धा सूर खाली काळी दोनमध्ये आणलं की ट्रम्पेटला एक फ्लॅट (अर्धा सूर उतरवायची खूण) आणि बॅरिटोनला काहीच नाही. गिटारिस्टने तारा अर्धा सूर उतरवायच्या, दोन मिनिटांचं काम आहे, कुरकुर करेल, करू द्या.

पण ब्रासच्या आधी गळा. गायिकेचा आवाज जिथे थोडा ताणला जातो पण फाटत नाही ती पट्टी तिची. पूर्ण गाणं तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत गाऊन घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. आणि सोल म्हणजे ओरडणं हा गैरसमज काढून टाका, मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत प्रोड्युसर विली मिचेलने गायक अल ग्रीनला जोर कमी करून, हळू गायला लावलं आणि त्याच हळू आवाजात त्याची सत्तरच्या दशकातली सगळी मोठी गाणी आहेत.

पायरी ३: ग्रूव्ह लिहून काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, महिना लागला तरी चालेल. फंकचा सगळ्यात मोठा गायक जेम्स ब्राउन, त्याच्या बँडात 'द वन' म्हणायचे, म्हणजे बारच्या पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र उतरणार. आपल्याला हे समजायला सोपं जावं, ती आपली समच आहे, मधे कोणी कितीही हिंडून येऊ दे, समेवर सगळ्यांची गाठ. त्याच्या १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'चा मुख्य भाग एकाच कॉर्डवर चालतो आणि तरी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा आहे आणि कोणी दुसऱ्याच्या जागेत शिरत नाही.

हे करायची माझी पद्धत सांगतो. कागदावर एका बारची १६ घरं काढा (एका मात्रेची चार), प्रत्येक वाद्याला एक ओळ. समजा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) १, ३ आणि ११ व्या घरात. स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) ५ आणि १३, म्हणजे दुसरी आणि चौथी मात्रा. ८, १० आणि १६ मध्ये स्नेअरवरच अगदी हलके ठोके, ज्यांना घोस्ट नोट म्हणतात, जे वेगळे ऐकू येत नाहीत पण काढले की ग्रूव्ह लंगडा पडतो. हायहॅट (एकमेकांवर बसवलेल्या दोन झांजा) सगळ्या घरांत, पण १ वर जरा जोर. आता बेस. बेसिस्टने १ आणि ३ वर किकबरोबर जायचं, मग ८ आणि ११, आणि ५ व १३ ही दोन्ही घरं रिकामी सोडायची, नुसती वाजवायची नाहीत असं नाही, तर आधीचा सूरही तिथपर्यंत लांबू द्यायचा नाही, हाताने तार दाबून बंद करायचा. म्हणजे स्नेअर एकटा, उघडा ऐकू येतो. गिटार सगळी १६ घरं हाताने बंद केलेल्या तारांवर खरडणार पण कॉर्ड उघडणार फक्त ७ आणि १२ वर. जेम्स ब्राउनचा गिटारिस्ट जिमी नोलेन हे करायचा, चिकन स्क्रॅच म्हणतात त्याला, त्यात डावा हात तारांवर नुसता टेकलेला असतो, कॉर्डच्या वेळेलाच क्षणभर दाबायचा. ब्रास तीन बार गप्प, चौथ्या बारला १४ आणि १५ वर दोन ठोसे, बस्स. हे चार जणांनी बरोबर वाजवलं की खोलीत उभं राहणाऱ्याची मान आपोआप हलायला लागते, आणि नाही हलली तर अजून एक वाद्य टाकू नका, एखादं घर रिकामं करून बघा.

कागद पाठ झाला की फाडून टाका, नाहीतर ड्रमर त्याच्याकडे बघत वाजवतो.

स्नेअर नेमका कुठे पडतो ह्यातही सगळी गंमत आहे. स्टॅक्स स्टुडिओत १९६५ मध्ये रेकॉर्ड झालेल्या 'इन द मिडनाइट अवर'मध्ये ड्रमर अल जॅक्सन आणि गिटारिस्ट स्टीव्ह क्रॉपर यांनी दुसरी आणि चौथी मात्रा मुद्दाम जराशी उशिरा मारली, त्या वेळच्या एका नवीन डान्सच्या लयीला जुळावी म्हणून. उशीर म्हणजे केसभर. कॉम्प्युटरवर नोटा मागे सरकवून हे जमतं असं वाटतं खरं, पण वाजवणारे दोघं एकमेकांकडे बघत मागे रेलतात तेव्हा जे होतं ते माउसने होत नाही, मी तरी अजून ऐकलेलं नाही.

पायरी ४: टेम्पो, फॉर्म आणि कच्चं रेकॉर्डिंग

फंक साधारण ९० ते ११५ बीपीएमच्या (मिनिटाला तितक्या मात्रा) मधे बसतो, सोल बॅलड सहा-आठच्या, दादऱ्यासारख्या चालीत बरंच हळू. नवीन बँड सगळी गाणी जोशात फास्ट वाजवतात, त्यामुळे तालमीत ठरवलेला टेम्पो लिहून ठेवा आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यावरच काउंट द्या. उलटंही घडतं, जेम्स ब्राउनचं १९६५ चं 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' रेकॉर्ड झालं ते संथ होतं, रिलीज करताना टेपचा स्पीड वाढवला आणि लांब टेकचे (एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगचे) दोन भाग करून सिंगलच्या दोन बाजूंना टाकले.

क्लिकवर (हेडफोनमधल्या टिकटिक तालावर) वाजवायचं की नाही ह्यावरून भांडणं होतात. माझं मत, सुरुवातीचे दोन बार क्लिक ऐका आणि बंद करा. कोरसमध्ये गाणं एखाद-दोन बीपीएम पळालं तर पळू दे, घसरत मागे जायला लागलं तर मात्र परत घ्या.

सगळी गाणी तालमीच्या खोलीत एकाच फोनवर रेकॉर्ड करा, फोन मधोमध ठेवून. त्या रद्दी रेकॉर्डिंगमध्येही बेस आणि गाणं समजत असेल तर अरेंजमेंट पास. नुसता कालवा ऐकू आला तर स्टुडिओचे पैसे अजून भरू नका. अल्बमला १० गाणी हवी असतील तर १४ तयार करा, चार गळतातच.

पायरी ५: खोली आणि माईक

आता माईक. रिदम सेक्शन, म्हणजे ड्रम, बेस, गिटार, की-बोर्ड, एकाच खोलीत एकाच वेळी रेकॉर्ड करायचं. एकेकाला वेगळं बोलावून एकावर एक थर चढवण्याची पद्धत पॉपला ठीक आहे, इथे ती मारक ठरते. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये जातो त्याला ब्लीड म्हणतात आणि त्याला घाबरायचं नाही, वाजवणं चांगलं असेल तर ब्लीड मदतच करतो, वाईट असेल तर कुठल्याच माईकने वाचत नाही. फक्त गिटारचा अँप ड्रमच्या थेट समोर नको, मधे गाद्या उभ्या करा, घरातल्या कापसाच्या गाद्या ह्या कामाला झकास, फोमच्या त्या पातळ तुकड्यांपेक्षा कितीतरी बऱ्या.

ड्रमला तीन माईक पुरतात, एक किकसमोर, एक स्नेअरवर, एक वर, ड्रमरच्या डोक्याच्या जरा पुढे. वरचा माईक खाली-वर हलवत बसा, कारण अख्ख्या किटचा आवाज तोच देणार आहे. तीन माईक चालू केले आणि किक अचानक पोकळ वाटायला लागला तर फेजचा घोळ, म्हणजे दोन माईकचे आवाज एकमेकांना खोडतायत, किकच्या चॅनलवरचं पोलॅरिटीचं बटण दाबून बघा, जास्त भरीव वाटेल ती बाजू ठेवा. स्नेअर फार वाजत घुमत असेल तर त्यावर काहीतरी ठेवा, अल जॅक्सन स्वतःचं पाकीट ठेवायचा. घडी केलेला नॅपकिन चालतो. पाकीट ठेवलंच तर रात्री आठवणीने परत घ्या.

बेस अँपला एक माईक आणि शिवाय डीआय (बेसची वायर सरळ रेकॉर्डिंगला जोडणारी डबी), दोन्ही घ्या. तारा मात्र नवीन चकचकीत नकोत. मोटाउनचा बेसिस्ट जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत) तारा वापरायचा आणि त्या बदलायच्या भानगडीत पडायचा नाही, आणि वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने. त्याच्यासारखं वाजवता येणार नाही, पण फ्लॅटवाउंड तारा विकत मिळतात.

आपल्याकडच्या दोन खास गोष्टी. एक, अर्थिंग. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसलं की सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपवाली गिटार अशी गुणगुणते की शांत जागेत तेवढंच ऐकू येतं, आदल्या दिवशी जाऊन गिटार लावून तपासा, इलेक्ट्रिशियनला बोलवायची वेळ हातात राहते. दोन, पावसाळा. दमट हवेत लाकूड फुगतं, गिटारचं ट्यूनिंग सरकतं, एसी लावला तर माईकमध्ये घरघर, बंद केला तर घाम. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारी बघा.

लेव्हल -१२ डीबीच्या आसपास पीक (सगळ्यात जोरातले क्षण) येतील इतपतच, २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय, जोरात घ्यायची काही गरज नाही.

पायरी ६: टेक

एका गाण्याचे तीन ते पाच टेक, त्यापुढे सगळे थकतात आणि विचार करून वाजवायला लागतात. एका दिवसात दोन, फार तर तीन गाणी. जेवणानंतर लगेच फास्ट गाणं घेऊ नका, हे लिहायला हास्यास्पद वाटतं पण पुलाव खाल्लेला ड्रमर ऐकून बघा. प्रत्येक टेकनंतर आत जाऊन ऐकायचं आणि ऐकताना स्वतःचं वाद्य ऐकायचं नाही, शेजाऱ्याचं ऐकायचं. चूक झाली पण ग्रूव्ह जिवंत आहे असा टेक आणि बिनचूक पण मेलेला टेक ह्यात पहिलाच निवडायचा. जेम्स ब्राउन चुकणाऱ्या वादकाला दंड करायचा, तसलं काही करू नका, तुमच्या बँडला पगार नाहीये.

गायिकेला ह्या वेळी दुसऱ्या खोलीत उभं करून कच्चं गाणं गाऊन घ्या. बँड गाण्याभोवती वाजवतो, त्यामुळे गाणं कानात हवंच, आणि कधीकधी तेच कच्चं गाणं शेवटी अल्बमवर राहतं.

पायरी ७: वरचे थर

ब्रासचे तिघे एका माईकभोवती अर्धवर्तुळात, रिबन माईक मिळाला तर उत्तम. जोर ज्याचा जास्त तो मागे सरकतो, बॅलन्स पायांनी करायचा, फेडरने (मिक्सरवरच्या आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणाने) नंतर होत नाही. तोच पार्ट दुसऱ्यांदा वाजवून डबल केला की तिघांचे सहा वाटतात, पण सगळीकडे करू नका, कोरसपुरतं. टँबोरिन वाजवणाऱ्याला माईकपासून चांगलं लांब उभं करा, त्या वाद्याचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसतो.

बॅकिंग व्होकल्स तेच तत्त्व, तिघी एका माईकवर. तिघी नाही मिळाल्या तर? १९९६ मध्ये सोल गायक ली फील्ड्सच्या रेकॉर्डिंगला तीन बॅकिंग गायिका हव्या होत्या आणि एकटी शॅरन जोन्स आली, तिने तिन्ही पार्ट एकटीने गाऊन दिले. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात गार्डची नोकरी करून झालेली बाई, पहिला स्वतःचा अल्बम २००२ मध्ये निघाला तेव्हा वय ४५ च्या पुढे, आणि पुढे डॅप-किंग्जबरोबर डॅपटोनचा चेहरा तीच झाली, २०१६ मध्ये जाईपर्यंत. एकीनेच तिन्ही गायचं असेल तर दर वेळी माईकपासूनचं अंतर बदला, नाहीतर आवाज एकमेकांवर चिकटतात.

की-बोर्डला हॅमंड ऑर्गन, वुर्लिट्झर, क्लॅविनेट हे खरे कुठून आणणार, प्लगिन वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त ते गिटार अँपमधून बाहेर काढून परत माईकने रेकॉर्ड करा, फरक लगेच कळतो.

पायरी ८: मिक्स

वर सांगितलेलं नीट झालं असेल तर मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून एकत्र करणं, छोटा असतो. मी काय करतो तर आधी सगळं मोनोमध्ये, नुसत्या फेडरने, ड्रम आणि बेस पहिले, मग गाणं, मग बाकीचे. गिटार आणि की-बोर्डचा खालचा भाग १५० हर्ट्झच्या खाली कापून टाका, तिथे बेस राहतो. प्लेट रिव्हर्ब (घुमारा) एकच, सगळ्यांना तोच, कमीजास्त. मास्टर बसवर (सगळे आवाज एकत्र होऊन बाहेर पडतात तिथे) कंप्रेसर, म्हणजे जोरातले आवाज दाबणारा, दोन-तीन डीबीच. टेपचा प्लगिन लावायचाय तर लावा पण तो बंद करूनही गाणं चांगलं वाटतंय ना हे बघा. डॅपटोनवाल्यांकडे आठच ट्रॅक होते म्हणजे ब्रासचे तिघे एका ट्रॅकवर, बॅलन्स तिथेच कायमचा ठरला, पुढे बदलायची सोय नाही. तुमच्याकडे दोनशे ट्रॅकची सोय आहे म्हणून निर्णय पुढे ढकलत राहिलात तर मिक्स सहा महिने चालतो, अशी उदाहरणं आजूबाजूला भरपूर आहेत.

पायरी ९: क्रम आणि मास्टरिंग

अल्बम ३५ ते ४० मिनिटांचा ठेवा. पुढेमागे व्हायनल (तबकडी) काढायचा विचार असेल तर एका बाजूला १८ ते २२ मिनिटं, त्याहून लांबवलं तर आवाज बारीक होतो, बेस जास्त असेल तर अजूनच. रेकॉर्डच्या आतल्या बाजूला, लेबलजवळ, वरच्या फ्रिक्वेन्सी फाटतात, म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत निवडा, झांजा आणि 'स'कार भरलेलं नको. स्ट्रीमिंगसाठी मास्टर (मिक्सवरून तयार केलेली शेवटची फाइल) फार जोरात करून फायदा नाही, स्पॉटिफाय तसंही साधारण -१४ एलयूएफएसला (कानाला वाटणाऱ्या जोराचं माप) आणून ठेवतं. मास्टरिंग बँडबाहेरच्या माणसाकडूनच करून घ्या, मिक्स करणाऱ्याचे कान तोवर बधिर झालेले असतात.

पायरी १०: कागदपत्रं

कंटाळवाणं आहे पण टाळू नका. जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, १९६९ मध्ये सिनसिनाटीच्या किंग स्टुडिओत 'फंकी ड्रमर' वाजवलं, त्यातला ब्रेक (नुसत्या ड्रमचा तुकडा) पुढे हिप-हॉपमध्ये अगणित वेळा सॅम्पल झाला, म्हणजे उचलून नव्या गाण्यांत वापरला गेला, आणि गाणं त्याच्या नावावर नसल्यामुळे त्या सॅम्पलिंगच्या रॉयल्टीतलं त्याच्या वाट्याला काही आलं नाही. मोटाउनच्या वादकांची नावं अल्बमवर पहिल्यांदा नीट छापली गेली ती १९७१ मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, तोपर्यंत कोण वाजवतंय हे ऐकणाऱ्याला माहीतच नव्हतं. म्हणून रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी, मैत्री आहे तोवर, प्रत्येक गाण्यासाठी एक कागद करा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, ग्रूव्ह कोणाचा, कोणाला किती टक्के, आणि सगळ्यांच्या सह्या. फंकमध्ये बेसलाइन हेच गाणं असतं, तेव्हा बेसिस्टला चालीतला वाटा द्या, नंतर वाद घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. शब्द आणि चाल करणाऱ्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हावं. प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी नंबर (त्या रेकॉर्डिंगची ओळख) बहुतेक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्ट्रीमिंगवर गाणी पोचवणारी कंपनी, देतो, तो एका शीटमध्ये लिहून ठेवा. दुसऱ्याचं गाणं घेतलं असेल तर परवानगी रेकॉर्डिंगच्या आधी मागा.

डिस्ट्रिब्युटरकडे फाइल्स रिलीजच्या निदान चार आठवडे आधी टाका, कव्हरवरचं बँडचं नाव आणि फॉर्ममधलं नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर परत येतं. वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव क्रेडिट्समध्ये टाका, टँबोरिनवाल्याचंसुद्धा. आणि मिक्सच्या सगळ्या सेशन फाइल्सच्या दोन हार्ड डिस्कवर कॉप्या काढून त्या दोन वेगळ्या माणसांच्या घरी ठेवा.